चल, मागे राहू नकोस

२ जून
आले एकदाची बुर्गोसच्या टेकडीवर! लाओआगच्या ऑफिसात फायली चाळण्यापेक्षा हे पाऊस मोजायचं ठाणं शतपटीनं बरं. समोर समुद्र, मागे पवनचक्क्या आणि साहेब दूर मनिलात. काम एवढंच, की खोलीतलं जुनं कम्प्युटरचं मशीन चालू ठेवायचं. तेही खरं तर मनिलातला ग्लेन नावाचा इंजिनियरच करतो. मशीनच्या पोटात एक छोटं कार्ड आहे. मशीन झोपलं तरी ते जागं असतं. ग्लेननं तिकडून हुकूम सोडला की ते इकडे मशीन बंद करतं, चालू करतं. मी आपली नावाला!

शेजारच्या मानांग, म्हणजे ताई, पासिंगनी पिनाकबेतची भाजी आणून दिली. त्यांचे यजमान, मानोंग म्हणजे दादा, तेबान, माझ्याआधी इथेच कामाला होते. वीज पडली तेव्हा मशीनच्या खोलीतून पळत सुटले, तेव्हापासून नुसते बसून असतात. मानांगनी धाकट्या बहिणीला सांगावं तसं बजावलं, आदिंग, खोलीतून निघताना आपल्या जिवाला हाक मारत जा हो, चल, मागे राहू नकोस म्हणावं. आमचा म्हातारा विसरला, बघ काय होऊन बसलं. लहानपणी नदीवरून निघताना आम्हीही म्हणायचो. पण कम्प्युटरच्या खोलीत? हसू आलं. तरी निघताना हाक मारते, आपलं काय जातं!

९ जून
दुपारी मानोंगना तांदळाचं गोड तुपिग भरवत होते. एकाएकी घास तोंडातच राहिला, श्वास थांबला, डोळे उघडेच. मानांग त्यांना गदागदा हलवत होत्या. थोड्या वेळानं श्वास आला आणि ते राहिलेला घास चावू लागले. खोलीत जाऊन पाहिलं, तर मशीन नुकतंच पुन्हा सुरू झालेलं. ग्लेनला फोन केला. म्हणाला, मीच बंद करून चालू केलं, का, झोपमोड झाली की काय मॅडमची?

मानांगना नवल वाटलं नाही. म्हणाल्या, मग इतके दिवस मी काय सांगतेय, म्हातारा त्यात अडकलाय. रोज दाराशी हाका मारते, ते मेलं सोडतच नाही.

मला भीती वाटते.

१४ जून
ग्लेनचा फोन. नवं मशीन येतंय. जुनं परवा कायमचं बंद. विनवण्या केल्या. म्हणाला, टेकडीची हवा लागली वाटतं तुम्हाला; कार्डाला वेळ देऊन ठेवलीय, आणि नंतर तुम्ही हातानं बटण दाबलंत तरी चालू व्हायचं नाही.

१५ जून
नेटची वायर उपटली. उपयोग नाही, हुकूम आधीच आत आहे. कार्ड बोर्डालाच जडलेलं, निघत नाही. बाहेरून मानांग ओरडल्या, तशीच धावत सुटले —

रात्री जेवताना भाताला चव नव्हती. मानांग माझ्याकडे बघत राहिल्या. विचारलं, आदिंग, निघताना हाक मारलीस ना?

नाही मारली.

१६ जून
सकाळपासून दाराशी हाका मारतेय. चल गं. चल. कुणी येत नाही. ओठ माझे हलतात, आवाज आतून, मशीनच्या पंख्यातून —

पायरीवर बसलेय. शेजारी मानोंग. मानांग रडतायत.

पंखा मंदावला. मानोंगचा घास तोंडातच —

हात अजून लिहितोय, म्हणजे मी अजून —

चल गं, मागे रा