सोनारीच्या यात्रेचा डबा

मी, उत्तरेश्वर बलभीम नलवडे, वय अंदाजे शेहेचाळीस, धंदा टेलिव्हिजनच्या बातम्यांसाठी कॅमेरा चालवणे, राहणार ईट, तालुका भूम, जिल्हा उस्मानाबाद, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. अक्कलहुशारी शाबूत आहे असे लिहायचा रिवाज आहे. माझी पुष्कळशी शाबूत आहे. एका गोष्टीपुरती नाही, ती पुढे येईल.

विलायतेच्या कंपनीची तार आली आहे. व्हिएतनामला जायचे आहे. तिथून सगळेच परत येत नाहीत, म्हणून हा कागद.

कलम १. धंद्याचा खुलासा. गावात टेलिव्हिजन कोणी पाहिलेला नाही, आणि माझे काम मी स्वतःही कधी पाहिलेले नाही. आम्ही टिपतो, रीळ न धुताच डब्यात बंद करतो आणि डबा विमानाने लंडनला जातो. तिकडे धुतात, कापतात, दाखवतात. कोरियात, गाझात, काँगोत मी काय टिपले ते तिकडच्या लोकांना ठाऊक. तलाठ्याने माझ्या नावापुढे ‘फोटोवाला’ लिहिले आहे, ते तसेच राहू द्यावे.

कलम २. राहते घर, जमिनीतला माझा हिस्सा आणि बँकेतली शिल्लक माझी एकुलती मुलगी विमल हिची. जमीन थोरले बंधू अण्णा यांनीच कसावी. शिल्लक विमलच्या शिक्षणाला लावावी, लग्नाला लावू नये. अगदीच अडले तर लावावी. याचा निर्णय मला होत नाही, विमलने करावा.

कलम ३. मोठा कॅमेरा कंपनीचा आहे, तो परत करावा. जुना चावीचा कॅमेरा माझा आहे, तो विमलला द्यावा. माझी सुती मच्छरदाणी अण्णांना. गेली कैक वर्षे ते ती न विचारता वापरतातच.

कलम ४. अण्णांच्या पत्नी, माझ्या वहिनी गजराबाई, यांनी विमलला पोटच्या पोरीसारखे वाढवले. पूर्वेकडची खोली हयातभर त्यांची. हे कलम मी दोनदा खोडले आणि तिसऱ्यांदा लिहिले आहे. खोडण्याचे कारण पुढच्या कलमात आहे.

कलम ५. माझ्या ट्रंकेत एक डबा आहे. त्यात सोनारीच्या यात्रेत टिपलेले एक रीळ आहे, न धुतलेले. साल छप्पन्न. मी रजेवर आलो होतो. माझी पत्नी लीला कॅमेरा दिसला की पदर तोंडावर ओढून घ्यायची, म्हणून तिचा एकही फोटो नाही. पण काळभैरवाच्या देवळापाशी माकडाने तिच्या हातातले खोबरे पळवले, ती खळखळून हसली आणि पदर विसरली. ते मला मिळाले. त्याच रिळावर रथही आहे. मग सुवेझची गडबड झाली आणि मी डबा घरी ठेवून घाईने गेलो.

पुढच्या वर्षी मी गाझात असताना लीला तापाने गेली. मी पोचलो तेव्हा सगळे आटोपले होते. उजेड न शिरणाऱ्या काळ्या पिशवीत हात घालून डबा उघडून चाचपला, तर आत वाळलेले झेंडूचे फूल आणि हळदकुंकवाची खरखर लागली. म्हणजे डबा उन्हात उघडला गेला होता. मी ओरडून विचारले तेव्हा वहिनी म्हणाल्या, “म्या उघडला. खंडेनवमीला पूजला.”

उजेडाने फिल्म जळते. पण आधी टिपलेले रिळाच्या आतल्या वेढ्यांत राहते आणि नंतरचे बाहेर. बाहेरचे वेढे गेले असतील, आतले कदाचित वाचले असतील. तेव्हा सगळे एकाच गोष्टीवर अडले आहे: मी आधी लीलाला टिपले की रथाला? मला आठवत नाही. परक्या मुलखातली रिळेच्या रिळे मी क्रमाने सांगू शकतो, हे नाही. अण्णा म्हणतात, “रथ आधी, माकड मागनं.” वहिनी म्हणतात, “माकड आधी. तवा रथ जागचा हाललाबी नव्हता.” पण डबा त्यांनीच उघडलेला, त्या दुसरे काय सांगणार?

डबा घेऊन मी मुंबईला जातो आणि न धुताच परत आणतो. कोरे निघाले तर लीलाचे काहीच उरत नाही. आणि हल्ली तिला आठवू लागलो की गाझात पाण्याच्या रांगेत टिपलेली एक बाई समोर येते. लीला कोणती आणि ती बाई कोणती, माझे मलाच कळेनासे झाले आहे. याची मला फार भीती वाटते.

सबब, डबा न उघडता माझ्या चितेवर ठेवावा.

पण विमल म्हणते, “दादा, मला आईचं तोंड आठवत न्हाय. कोरं तर कोरं, पण बघू तरी.” तेव्हा वरील वाक्य रद्द समजावे. किंवा समजू नये. हे कलम अपुरे राहिले आहे.

पुरवणी. मी वरील मजकूर साक्षीदारांसमोर वाचून दाखवला. वहिनी दाराशी बसून ऐकत होत्या. कलम पाच झाल्यावर त्या म्हणाल्या, “भावजी, डबा म्या न्हाय उघडला. लीलानं उघडला.”

मग त्या दारातूनच सांगू लागल्या,

“विळं, कुऱ्हाड, समदी हत्यारं पाटावर मांडली. ती म्हणली, ह्यांचं हत्यार तर संगं नेलंय, मंग ह्यांची पूजा कशी व्हायची? म्हणून डबा आणला. वरनं हळद लावली तर तिला पटंना. आत लागल्याबिगर ह्ये सुखरूप याचं न्हाईत म्हणली, आन् झाकण काढलं.”

मी विचारले, “मग इतकी वर्षं सांगितलं का नाही?”

“गेलेल्या बाईवर तुमी राग धरला असता, त्यो कुठं निवला असता? माझ्यावर धरला तर मी हाय की हितं भांडायला.”

मी पाणी मागितले. नंतर पुन्हा विचारले, “माकड आधी की रथ?”

“माकड आधी.”

आता त्यांना खोटे बोलायला कारण उरलेले नाही. माझे डोके अजून ठिकाणावर नाही, पण सही करण्याइतके आहे.

म्हणून कलम ५ चा शेवट असा वाचावा: मी परत येवो न येवो, विमल आणि वहिनींनी डबा मुंबईला नेऊन रीळ धुवून घ्यावे आणि दोघींनी शेजारी बसून पाहावे. कलम ४ पुन्हा कोणी खोडू नये. रीळ कोरे निघाले तरी टाकू नये. ते ऊन लीलाच्या हाताने आत गेले आहे, आणि मी सुखरूप परत आलो होतो.

वाचून, समजून, साक्षीदारांदेखत सही केली.

उत्तरेश्वर बलभीम नलवडे

साक्षीदार:
१. नारायणराव, शाळामास्तर, ईट
२. शरणप्पा, दुकानदार, ईट

मुक्काम ईट, चैत्र शके १८९०, दिनांक ७ एप्रिल १९६८