दसऱ्याला पुजलेला स्केटबोर्ड

सिरसाळा, मंगळवार

ती. योगिताताईंना,

मनिषाचा वाकून नमस्कार. अंबाजोगाईत सगळे बरे असाल. तुमच्या मानेचा पट्टा निघाला का? इकडे तुमचे बंधू, तुमच्या आई आणि दोन्ही म्हशी खुशाल. (क्रम महत्त्वावरून लावलेला नाही.) फोनच केला असता, पण मी मुद्द्यावर आले की तुमच्या कुकरची शिट्टी होते आणि तुम्ही फोन ठेवता. पत्राला ती सोय नाही.

मुद्दा तुमच्या संस्कृतीच्या स्केटबोर्डाचा. तो आमच्याकडे बिघडला तेव्हा तुम्ही म्हणालात, बरंच झालं, आता रविवारच्या बीडच्या स्पर्धेचं खूळ तरी सुटेल. ताई, तुमची भाची नव्हे, पोटची पोर त्या स्पर्धेसाठी वर्षभर गुडघे फोडून घेतेय, आणि बिघाड झाला आमच्या दारात. मला काही ते पचेना. म्हणून मीच दुरुस्तीला बसले.

झालं असं, की दसऱ्याला ट्रॅक्टर, मोटारसायकल आणि सायकल ओळीने उभी होती. सासूबाईंनी चाकं दिसली तेवढी सगळी पुजली. सणाला आलेली संस्कृती आंघोळीला गेलेली, तेवढ्यात बोर्ड नळाखाली धुतला, चारी चाकांना हळदकुंकू लावलं आणि झेंडूचा हार गुंडाळला. (त्यांना दोष देत नाही. घंटी मीच वाजवत होते.) चार दिवसांत चाकं फिरेनाशी झाली आणि पोर बोर्ड इथेच ठेवून तुमच्याकडे परतली. आतल्या बेअरिंगमध्ये पाणी, कुंकू आणि गंज, आसाला हाराचा दोरा.

मी आधी बैलगाडीचं वंगण भरलं. त्याला गल्लीतली सगळी धूळ चिकटली आणि चाकं आणखीच बसली. (डायरीत लिहिलं: घाई केली.) मग चाकं काढली, दोरा सुईने ओढून काढला, बेअरिंगं पेट्रोलमध्ये धुतली, फडक्यावर वाळवली आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब सोडला. चाक फिरवलं तर थांबेचना. सासूबाई म्हणाल्या, "आगं, लई फिरतंय, झाकून ठेव."

इथे थांबायला हवं होतं. पण मी चाकांचा आस धरणारे ते दोन लोखंडी जोडही (संस्कृती त्यांना ट्रक म्हणते) पुसायला काढले आणि बसवताना दोन्हींची तोंडं एका दिशेला केली. गाडीला जुंपलेले बैल एकाच दिशेला बघतात, एवढाच माझा अनुभव. बोर्ड खेकड्यासारखा तिरपा निघाला आणि थेट चतुराबाईच्या शेळ्यांत शिरला. शेजारीण म्हणून तिने समजून घ्यावं की नाही? तर म्हणते कशी, "काय गं मनिषा, पदवी घेतलीस आन् गाडी सरळ जाईना व्हय?" अंगणात बसून बराच विचार केला तेव्हा कळलं, की बोर्ड दोन्हीकडे पळतो, म्हणजे जोडांनी एकमेकांकडे तोंड करून बसायला हवं. तसे बसवले. थोडा डगमगत होता, तर मधला नट अर्धा फेरा आवळला. जास्त आवळला तर वळत नाही, तेही करून पाहिलं. आता बोर्ड सरळ जातो, वळतो आणि गप्प राहतो. आपल्या घरात एवढं दुसऱ्या कुणाला जमत नाही.

मानेला जपा, दाजींना नमस्कार सांगा.

तुमची,
मनिषा

ता. क. खरं मागणं आता लिहिते. संस्कृतीला रविवारी बीडला जाऊ द्या. तुमच्या लेकीच्या बाबतीत मी बोलावं का, यावर डायरीची दोन पानं भरली. दोन्ही पानांवर उत्तर "नाही" आलं, तरी बोलतेय.

ता. क. २. वर तुमच्या आई इकडे खुशाल असल्याचं लिहिलंय, ते सकाळपर्यंत खरं होतं. आता त्या हे पत्र घेऊन तुमच्यासमोर बसल्या असतील आणि मांडीवरच्या पिशवीत बोर्ड असेल. पिशवी भरताना म्हणाल्या, "रविवारी पोरीला मी नेते. तिची आय न्हाई म्हन्ली तर बगते, कोन कुनाची आय हाय ते." तुम्हाला नाहीच म्हणायचं असेल तर मला कळवू नका, मान वर करून त्यांनाच सांगा.