डेलमरकडचा बोल्ट

१ जून, शनिवार
डेलमर आला. पुन्हा नाही म्हणाला. हलकट!

माझ्या रायफलीचा बोल्ट, म्हणजे गोळी आत सारणारी दांडी, त्याच्या रायफलीत आहे, त्याचा माझ्या. नंबर कोरलेले आहेत, वाद नाहीच. आमचे वडील दुसऱ्या महायुद्धात एकाच तुकडीत होते. शरण आलेल्या जर्मनांच्या रायफली एका ढिगात, काढलेले बोल्ट दुसऱ्या. दोघांनी आठवण म्हणून एकेक रायफल उचलली, हाताला लागला तो बोल्ट खुपसला आणि ओहायोत येऊन शेजारी शेजारी घरं बांधली. निस्तरतोय आम्ही!

बदलाबदल केली तर दोन्ही रायफली अस्सल होतील. पण मग सप्टेंबरच्या जुन्या बंदुकांच्या प्रदर्शनात पहिल्या नंबरची निळी फीत कोणाला? म्हणून मी म्हणतो, तू एकट्याने दे. तो म्हणतो, तू दे. दर शनिवारी हेच. कॉफी माझी, आवाज दोघांचा.

८ जून
डेलमर म्हणाला, "वेंडेल, रायफलीला रोज पाणी घालतोस का रे? गंज छान धरलाय."

गंज? जुनेपणा आहे तो! "तुझ्यासारखं घासून नवरी नाही केली मी तिची," म्हटलं. जिरली.

१५ जून
घरच्याच माणसाने घात केला! डेलमर आज त्याची रायफल घेऊन आला होता. आम्ही व्हरांड्यात केक खात भांडत होतो. तेवढ्यात आत माझ्या बायकोने, नदीनने, दोन्ही बोल्ट काढून बदलून टाकले.

"लग्न झाल्यापासून ऐकतेय," म्हणाली, "दोन मिनिटांचं काम होतं, मेल्यांनो."

डेलमरच्या डोळ्यांत पाणी — म्हणे धूळ गेली.

२२ जून
डेलमर आला नाही.

२९ जून
आजही नाही. नदीन म्हणाली, "मग तू जा की." काय सांगून जाऊ? भांडायला उरलंय काय?

जन्मभर हवी होती तशी रायफल मांडीवर आहे, आणि मला करमत नाही. मला डेलमर हवाय. लिहिलं एकदाचं.

४ जुलै
स्वातंत्र्यदिनाच्या फटाक्यांनाही आला नाही. त्याच्या अंगणात दिवासुद्धा नव्हता.

५ जुलै
करमेना म्हणून रायफल उघडली. वडिलांनी तिचा एक स्क्रू कधी फिरवला नव्हता, मीही नाही. आम्हा संग्रहवाल्यांत ते सोवळं असतं. आज मोडलं.

नळी उचलली. खाली लाकडाच्या खाचेत नंबर — डेलमरच्या रायफलीचा! अख्खं लाकूडच त्याचं! आणि म्हणे जर्मन शिस्तीचे!

तसाच त्याच्या दारात गेलो, अनवाणी. ओरडलो, "तुझं लाकूड माझ्याकडे आहे! देणार नाही!"

६ जुलै, शनिवार
डेलमर सकाळीच आला. म्हणाला, "माझ्याकडे तुझं आहे, मला केव्हाचं ठाऊक आहे. बोल्टचं कधी मिटलंच, तर पुढे काय, म्हणून बोललो नाही."

नदीनला यातलं काही कळू द्यायचं नाही, असं दोघांचं ठरलं.