अनुक्रमांक सतरापुढची हजेरी

प्रति,
मा. चौकशी अधिकारी साहेब
(बेपत्ता व्यक्तींची प्रकरणे),
तालुका कार्यालय, लोहारा, जि. धाराशिव.

अर्जदार : ............ शांतम्मा भ्र. अण्णाराव कलशेट्टी, वय ६४ वर्षे, धंदा शेती व घरकाम, रा. माकणी, ता. लोहारा.
(नावाआधी सौ. लिहायचे की श्रीमती, हे याच अर्जाच्या निकालावर अवलंबून असल्याने जागा रिकामी सोडली आहे. ही त्रुटी समजू नये.)

विषय : सहलीच्या हजेरीपटात अनुक्रमांक १७ समोर चुकून लागलेली ‘हजर’ ही नोंद रद्द होऊन मिळणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचे यापूर्वीचे तीन अर्ज.
२) आपले पत्र, ज्यात “सदर व्यक्ती बोटीतून सुखरूप उतरल्याचे दिसून येते” असे नमूद आहे.

महोदय,

वरील विषयास अनुसरून अर्जदार बाईंचे म्हणणे पुढे मांडले आहे. बाईंना लिहिता येत नाही. त्यांनी सांगितले तसे लिहिणाराने लिहिले आहे. लिहिणारा सव्वीस वर्षे या कचेरीसमोर टेबल टाकून बसतो. फेरफार, वारस, बांधाची भांडणे, सगळे त्याने आजवर एका पानात बसवले. हा अर्ज एका पानात बसला नाही, त्याबद्दल क्षमा असावी. पहिले तीन एका पानातच बसवले होते. त्यांचे काय झाले ते साहेबांना ठाऊक आहे.

१. माकणीच्या ज्येष्ठ नागरिकांची सहल दि. ९ डिसेंबर २०२४ रोजी बसने परराज्यातील समुद्राजवळच्या एका शहरी गेली. एकूण एकतीस माणसे. सहल नेणारे निवृत्त मुख्याध्यापक श्री. शिवप्रसाद गुरुजी. अर्जदाराचे पती श्री. अण्णाराव, वय ७१, यांनी सगळ्यांत आधी नाव दिले, कारण सहलीच्या कागदावर बोटीचे चित्र होते. आपणांस माहीत आहे की माकणीला धरण आहे. त्या धरणात अण्णारावांच्या वडिलांचे चार एकर काळे रान गेले. तेव्हापासून रोज संध्याकाळी ते भिंतीवर जाऊन पाणी बघत, पण पाण्यावर कधी गेले नाहीत, कारण बसवून नेणारे कोणी नव्हते. “मधोमध गेल्यावर काठावरचं गाव कसं दिसतंय, ते एकदा बघायचंय,” असे ते म्हणत. हे त्यांनी घरी इतक्या वेळा म्हटले होते की बाई पुढे ऐकेनाशा झाल्या. ते ऐकायला हवे होते, असे बाईंना आता वाटते.

२. दि. ११ डिसेंबर रोजी सायंकाळी पाच वाजता सर्वजण बोटीत बसले. शहरातल्या नदीतून एक तास फिरवून आणायचे, अशी ती फेरी होती. बोट दोन मजली, वर प्लास्टिकच्या खुर्च्या. एक माणूस माइकवर हिंदीत, डावीकडे हे पाहा, उजवीकडे ते पाहा, असे सांगत होता. बाईंना त्यातले एवढेच आठवते की एका मोठ्या पुलाखालून बोट गेली आणि पुलावरची माणसे हात करत होती. मग गाणी लागली. आधी सगळ्या आजोबांना आणि नंतर सगळ्या आज्ज्यांना नाचायला बोलावले. बाईंच्या गल्लीतल्या कस्तुराबाई नाचल्या, आणि बऱ्या नाचल्या. अर्जदार नाचल्या नाहीत.

अण्णाराव बोटीत चढल्याबरोबर चपला काढून बसले होते. गुरुजी म्हणाले, “अहो, पायात असू द्या, लोखंड हाय खाली.” त्यावर ते म्हणाले, “गुरुजी, नदी हाय ही. तिच्यावर पायताण घालून बसावं व्हय?” चपला खुर्चीखाली होत्या. बोट हलली की त्या सरकत, म्हणून बाईंनी त्यांवर पायाचा अंगठा ठेवला होता. गाणी लई मोठ्याने लागल्यावर अण्णाराव उठले आणि म्हणाले, “म्या मागं जाऊन येतो. मागनं गाव चांगलं दिसतंय म्हंत्यात.” बाई “बरं” म्हणाल्या. यानंतर त्यांचे काही बोलणे झाले नाही. पहिल्या अर्जात ही ओळ जागेअभावी राहिली होती.

३. सहा वाजून गेल्यावर बोट काठाला लागली. पुढची फेरी उभीच होती, त्यामुळे उतरताना रेटारेटी झाली. पुरुष आधी उतरले, बायका नंतर. आपले पती पुढच्या घोळक्यात आहेत असे बाईंनी धरले. सेहेचाळीस वर्षांच्या संसारात अण्णाराव नेहमी दहा पावले पुढे चालत आले. बाजारात, देवाला, लग्नकार्यात, कुठेही. ते आहेत की नाहीत हे मान वर करून बघण्याची बाईंना कधी गरज पडली नाही. बाईंनी चपला हातात घेतल्या आणि त्या उतरल्या. मनात एवढेच होते की हे अनवाणी पुढे गेले, खाली खडी आहे, पायांना भेगा आहेत, लवकर गाठून चपला द्याव्यात.

धक्क्याच्या दाराशी गुरुजी हजेरीपट घेऊन उभे होते. हा हजेरीपट शाळेतला असतो तसा, आखलेला, पुठ्ठ्याचा. गुरुजींनी सहलीसाठी तो मुद्दाम आणला होता, आणि दर वेळी बसमधून उतरताना-चढताना ते नावे पुकारत. लोक त्यांची चेष्टा करत. त्यांनी अनुक्रमांक सतरा, अण्णाराव कलशेट्टी, असे पुकारले. बाई मागून म्हणाल्या, “हायेत जी.” गुरुजींनी खाली बघतच लाल पेनाने खूण केली. अनुक्रमांक अठरा अर्जदार स्वतः. त्यालाही त्यांनी ओ दिली. बसमध्ये बसल्यावर वीस-पंचवीस मिनिटांनी कस्तुराबाईंनी विचारले, “शांतम्मा, अण्णा कुठं हायेत?” तोवर ती बोट पुढच्या लोकांना घेऊन परत पाण्यात गेली होती.

४. पतीला डोळ्यांनी पाहिले नसताना ओ का दिली, असा प्रश्न आपल्या कचेरीतील श्री. अमरसिंह यांनी तिसऱ्या अर्जाच्या वेळी विचारला. त्यांनी चांगल्या बोलीत विचारले. बाई त्याचे उत्तर आता देत आहेत.

भूकंपाच्या साली गावाबाहेर माळावर पत्र्यांचे वाटप होते. यादी वाचली जायची, ओ आली की पत्रे मिळायचे, नाही आली की नावावर रेघ. अण्णाराव त्या दिवशी शेजारच्या गावात ढिगारे उपसायला गेले होते. त्यांचे नाव पुकारले तेव्हा बाई कडेवर महांतेशला घेऊन तिथेच उभ्या होत्या. नवऱ्याच्या नावाला बायकोने चारचौघांत ओ देऊ नये, अशी तेव्हा रीत होती, म्हणून त्या गप्प राहिल्या. नाव दोनदा पुकारले गेले. मग रेघ मारली. नंतर चौतीस दिवस ही तीन माणसे ताडपत्रीखाली राहिली, आणि पाऊस होता. अण्णाराव रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “म्या नसलो तर तू हाय म्हनत जा. तू हायेस म्हंजी म्या हाय.”

त्यानंतर रेशन, ग्रामसभा, बँक, दवाखाना, कुठेही त्यांचे नाव पुकारले की बाईंनी ओ दिली. ते शेतात असोत, उमरग्याला असोत, मागे तंबाखू मळत उभे असोत. तीस-एकतीस वर्षांत ही ओ एकदाही खोटी ठरली नव्हती, कारण ते पाठोपाठ येतच.

५. त्या ओचा परिणाम असा झाला की नदीतला शोध दुसऱ्या दिवशी थांबला. हजेरीपट बघितल्यावर, माणूस उतरलेला आहे तर पाण्यात कशाला शोधायचा, असे ठरले. यात कोणाची चूक आहे असे बाईंचे म्हणणे नाही. कागद तसाच होता. मग स्टँड, धर्मशाळा, दवाखाने बघितले. शेवटी “स्वतःहून कोठेतरी निघून गेले” असा शेरा पडला.

बाईंची तक्रार या शेऱ्याबद्दल आहे. पिठाच्या गिरणीवर बायका हळू आवाजात बोलतात की म्हातारं कंटाळून गेलं, नाहीतर या वयात कोण जातंय. बाई पीठ घेऊन घरी येतात. त्यांना हे लागते. लिहिणाराने “मनस्ताप होतो” असा शब्द सुचवला होता, त्याला त्यांनी नको म्हटले. लागते, असेच लिहा म्हणाल्या.

अकरा महिने झाले, बाईंना रडू आलेले नाही. गेलेल्या माणसासाठी एक रडणे असते आणि सोडून गेलेल्या माणसासाठी दुसरे, आणि यांच्या बाबतीत कुठले ते कागदावर ठरलेले नाही. कपाळाचे कुंकू रोज लावतात. लावताना आरशात बघत नाहीत. संध्याकाळी अण्णारावांच्या वाटणीची भाकरी थापतात, सकाळी ती गाईला जाते. मठाच्या स्वामींना विचारले तर ते म्हणाले, निश्चित कळल्याशिवाय काही करता येत नाही. कळायला कुठे जायचे ते स्वामींना माहीत नाही.

६. मुलगा श्री. महांतेश याची या अर्जास संमती नाही, हे बाई लपवू इच्छित नाहीत. तो दर महिन्याला वडिलांचा फोटो घेऊन त्या शहरी जातो. पहिल्यांदा चार दिवस राहिला, आता सकाळी पोचतो आणि दुपारच्या गाडीने परत निघतो. हजेरीपटाच्या त्या पानाचा फोटो त्याच्या मोबाईलवर आहे. तो आईला म्हणतो, “आई, कागदावर अण्णा उतरल्यात. तूच सांगितलीस की हजेरी. आता न्हाय कशी म्हन्तीस?” ती खूण खोडली तर मुलाजवळ काही उरत नाही, हे बाईंना कळते. तरीही त्या हा अर्ज करत आहेत. मुलाने वडिलांना शोधत आयुष्यभर त्या धक्क्यावर उभे राहू नये, असे त्यांचे म्हणणे आहे.

७. श्री. शिवप्रसाद गुरुजींकडे बाई चार वेळा गेल्या. चौतीस वर्षांच्या नोकरीत लावलेली हजेरी आपण कधी खोडली नाही, एकदा खोडली की हजेरीपटाला किंमत राहत नाही, वरून लेखी आदेश आणा, मी लगेच दुरुस्त करतो, असे ते म्हणतात. हे सांगताना ते रडले. बाईंनीच त्यांना पाणी दिले. त्यांनी एक चिठ्ठी मात्र दिली आहे : “अनु. १७ च्या वेळी आवाज स्त्रीचा होता. मी मान वर केली नाही.”

८. बाईंकडे पुरावा म्हणून चपलांचा जोड आहे. घर सोडून जाणारा माणूस चपला ठेवून जात नाही, एवढे साहेबांनी ध्यानात घ्यावे. अण्णाराव डांबरावर दहा पावलेसुद्धा अनवाणी चालत नसत. बाई हे बायको म्हणून सांगतात असे नव्हे, गावात कोणालाही विचारावे.

९. तरी विनंती की सुनावणीची एक तारीख द्यावी. त्या दिवशी आपला शिपाई दारात उभा राहून नावाचा तीन वेळा पुकारा करतो, आणि ओ आली नाही तर ‘गैरहजर’ असा शेरा पडतो, ही आपल्याकडची नेहमीची रीत आहे. तशीच रीत पाळून अण्णाराव कलशेट्टी हे नाव तीन वेळा पुकारण्यात यावे. बाई दारासमोरच्या बाकावर बसलेल्या असतील. त्या ओ देणार नाहीत. त्यानंतर जो शेरा पडेल तो त्यांना मान्य राहील, आणि त्याप्रमाणे गुरुजींना आदेश व्हावा.

बाईंना दुसरे काही मागायचे नाही. मालक मला सोडून गेले नाहीत, ते उतरलेच नाहीत, एवढे कुठेतरी लिहिलेले असावे.

साहेबांच्या दारातल्या बाकावर तारखेची वाट बघणारी,

(निशाणी डाव्या हाताचा अंगठा)
शांतम्मा भ्र. अण्णाराव कलशेट्टी
माकणी, दि. ३ नोव्हेंबर २०२५

सोबत :
१) हजेरीपटाच्या पानाची झेरॉक्स.
२) गुरुजींची चिठ्ठी.
३) चपलांचा जोड, मूळ. झेरॉक्स निघत नाही. काम झाल्यावर परत मिळावा.

लिहिणार : लिंबाजी, अर्जलेखक, कचेरीसमोर.
अर्ज अर्जदार बाईंना सावकाश वाचून दाखवला. कलम नऊमध्ये नाव आले तिथे लिहिणारा वाचता वाचता थांबला, आणि ते नाव त्याने तीन वेळा मोठ्याने पुकारले. पहिल्या वेळी बाईंचे ओठ हलले. दुसऱ्या वेळी त्यांनी पदर तोंडावर धरला. तिसऱ्या वेळी कोणीच ओ दिली नाही, आणि मग त्यांना रडू आले.