एकशे दोनची ऊब

४ सप्टेंबर १९५४, आलापल्ली
पोचले एकदाची! बल्लारशाहून लाकडाचा रिकामा ट्रक, मध्ये नावेतून नदी, शेवटी बैलगाडी. हाडं खिळखिळी झाली, पण मन असं खूश की गाडीवानाला गाणं म्हणून दाखवावंसं वाटत होतं. दादा म्हणाला होता, डुकरांची नोकरी करणाऱ्या पोरीला कोण पत्करणार? पत्करलं की! नागपूरला आम्हाला शिकवणाऱ्या डॉक्टर गुणवंतरावांनी आता इथं जंगलात स्वतःची प्रयोगशाळा काढली आहे, आणि एवढ्या मुलांतून मला निवडलं. मुलाखतीत एकच प्रश्न विचारला: लहानपणी हिवताप आला होता का? कधीच नाही, म्हटलं. नोकरी पक्की.

माझ्या आधीची मुलगी लग्न होऊन गेली म्हणे. स्वयंपाकाला कलाबाई आहे. बाळंतपणात ती मरायला टेकली होती, डॉक्टरांनी वाचवली. आल्या आल्या मला म्हणाली, "डॉक्टरसाहेब म्हंजे माया देव हाये." माझाही आहेच.

९ सप्टेंबर
जवळच्या पाड्यावर डुक्कर कापलं की आमचा गडी लालसू मादीचे अंडाशय थर्मासमध्ये, कोमट मिठाच्या पाण्यात घालून आणतो. त्यावरच्या फोडांतलं पाणी मी सुईनं ओढून घेते. त्यात अंडी असतात, डोळ्यांना जेमतेम दिसणारी आणि कच्ची. ती काचेच्या नळीत पिकवायची, मग नराचं बीज मिसळून गर्भ तयार करायचा आणि गावठी डुकरिणीच्या पोटात ठेवायचा. गरिबाच्या दारात जातिवंत डुकरं यावीत, हे डॉक्टरांचं स्वप्न.

पण अंडी पिकतच नाहीत. डुकराचं अंग आपल्याहून गरम, एकशे दोन. आमची वातीच्या दिव्याची पेटी घटकेत थंड, घटकेत भट्टी. मी पेटीला नावं ठेवली तर डॉक्टर हसून म्हणाले, नाचता येईना अंगण वाकडं!

१७ सप्टेंबर
काल हुडहुडी भरून ताप आला. मच्छरदाणीला हे भलंमोठं भोक! कलाबाईला झापलं. ती शपथेवर सांगते, मी आले त्या दिवशीच शिवली होती.

डॉक्टरांनी स्वतः हिवतापावरच्या कोयनेलच्या गोळ्या दिल्या. उशाशी बसून ताप पाहिला, एकशे दोन म्हणाले आणि हसले. मला धीर यावा म्हणूनच असेल. कपाळावर हात ठेवला तेव्हा बाबांची आठवण झाली, रडूच आलं.

मी तोंड वाकडं न करता गोळी गिळते याचं कलाबाईला नवल. म्हणाली, "ताई, जे कडू नाई, त्याले दवाई काऊन म्हणावं?" मी तिला नव्या जमान्याच्या औषधांवर भाषण दिलं.

२० सप्टेंबर
अंडी पिकली! डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शक माझ्या खाटेशीच आणला. अंड्याभोवतीचं आवरण भिजलेल्या साबुदाण्यासारखं फुललेलं, आणि कडेला बारीक बिंदी सुटलेली. पिकल्याची खूण हीच. काय बदललं ते मात्र सांगेनात. पहिल्या गर्भाला माझं नाव देणार आहेत. तापातही मी हसत होते.

२३ सप्टेंबर
ताप हटत नाही. पाणथरी, म्हणजे प्लीहा, सुजली म्हणून कलाबाई पहिल्या तापापासूनच पोटावर पट्टी बांधते. घट्ट. आत काहीतरी टोचतं. विचारलं तर म्हणते, डॉक्टरसाहेबांना माहीत.

२६ सप्टेंबर
पट्टी सोडली. आत काचेच्या नळ्या. बुचं लावलेल्या, माझ्या अंगाइतक्याच गरम. माझ्याच अक्षरातल्या चिठ्ठ्या त्यांवर.

भिंत धरत प्रयोगशाळेत गेले. पेटी गार, दिव्यात तेल नाही. कोळ्यानं आत जाळं केलंय. येताना मच्छरदाणी नीट पाहिली. भोकाच्या कडा सरळ आहेत, कात्रीनं कापल्यासारख्या.

मी त्यांची हुशार विद्यार्थिनी नव्हते. मी त्यांची पेटी होते.

२७ सप्टेंबर
गोळी चावून खाल्ली. खडू. जीभच बिघडली असेल म्हणून खिडकीतून लिंबाचा पाला तोडून चघळला. कडूजहर. जीभ ठीक आहे.

लहानपणी हिवताप आला होता का? — म्हणून विचारलं होतं. इथल्यांना ताप मुरलेला, त्यांना तो चढत नाही. मी कोरी होते.

लालसू खिडकीशी आला. आधीची ताई लग्नाला गेलीच नाही, म्हणाला. तापानं गेली. त्यानंच सरणाची लाकडं वाहिली.

२८ सप्टेंबर
डॉक्टरांच्या तोंडावर गोळीचा खडू फेकला. रागावले नाहीत. पुसून घेतला. म्हणाले, थोडं सोस पोरी, एवढ्यावर आणून सोडू नकोस. नदी फुगली आहे, नाव बंद. लालसूला पाड्यावर हाकललं.

मी यांच्यासाठी दादाशी भांडले होते. घर सोडलं होतं. इतकं खोटं कसं बोलवतं, डोक्यावरून हात फिरवता फिरवता!

कलाबाई माझे पाय धरून रडली. जंगलातून तापावरचं किराईत आणून चोरून काढा देणार आहे. त्याच्याइतकं कडू काही नाही. ती आहे, म्हणून —

३० सप्टेंबर
दोनदा काढा घेतला. नाक दाबून, डोळे मिटून, जिभेला लागू न देता घटाघट. ताप तसाच. पट्टी पुन्हा — हात उचलत नाही. कलाबाई म्हणते, गुण यायला वेळ लागतो. विश्वास ठेव म्हणते. ठेवला.

१ ऑक्टोबर
कलाबाईनं पेला दिला. आज डोळे उघडे ठेवले. तोंडात घोळवला — पुन्हा एक घोट —

गूळ. नुसतं गुळाचं पाणी.

ती वर बघत नाही. पट्टी बांधतेय, नळ्या एकेक नीट लावून. मी म्हटलं, कलाबाई, जे कडू नाही त्याला —

दारात डॉक्टर. ती त्यांच्याकडे बघून हळूच एकशे दोन म्हणाली —