अकरा पायऱ्यांचा बोळ

१२ मार्च, गुरुवार

चि. बारक्यास,

ताईचे आशीर्वाद. तुम्ही सगळे खुशाल आहात असं धरून चालते, कारण तू स्वतःहून काही कळवत नाहीस. मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण मीही कुरकुरते, त्यामुळे आमचं दोघांचं जमतं. घरासमोरचा रस्ता या वर्षात चौथ्यांदा खोदलाय. पाण्याचा पाइप कुठून जातो ते मी मुकादमाला खिडकीतून ओरडून सांगितलं, तर म्हणतो, "बाई, तुम्ही रिटायर झालात ना?" मी झाले. पाइप आहे तिथेच आहे. चाळीस वर्षं नगरपालिकेच्या नकाशा खात्यात तो पाइप मी काढत आले. दुपारी त्यांनी तो फोडलाच. संध्याकाळपर्यंत नळाला पाणी नव्हतं.

तुझ्या प्रदर्शनाचा कॅटलॉग मिळाला. कागद छान आहे, छपाई सुरेख. पहिल्या पानावर तुझा फोटो, हनुवटीखाली हात, जणू दाढ दुखतेय. खाली छापलंय, 'पूर्णवेळ चित्रकार'. आनंद झाला. खरंच झाला. विमा कंपनीची नोकरी तू पन्नाशीत सोडलीस तेव्हा तुझी बायको मला फोनवर तासभर रडून दाखवत होती, आणि "त्याला काढू दे गं, त्याचा जीव आहे त्यात" असं मीच तिला समजावत होते. हे तिला विचार, ती नाही म्हणणार नाही.

आता गावच्या चित्रांतल्या चुका. पाण्याच्या टाकीची सावली सकाळी पोस्टाकडे पडते, तू ती शाळेकडे पाडलीस. औषधवाल्याच्या सज्ज्याचा कठडा लोखंडी आहे, लाकडी नाही. कागदावर मी पेन्सिलीने 'लोखंड, गंजलेलं, वरून तिसरी दांडी वाकडी' असं लिहून पाठवलं होतं. तू वाचलं नसशील.

त्यावरून विचारते. चौथ्या पानावर म्हटलंय, 'तीस वर्षं गावापासून दूर राहूनही केवळ स्मरणशक्तीच्या बळावर कलावंताने प्रत्येक खिडकी जिवंत केली आहे.' कुणाच्या स्मरणशक्तीच्या, बारक्या? चार वर्षांपूर्वी तुझं पत्र आलं होतं, 'ताई, गाव काढायचंय पण कोपरे आठवत नाहीत, काही पाठवशील का?' तेव्हापासून मी उन्हातान्हात घडीची खुर्ची घेऊन रस्त्यारस्त्यावर बसले. एक्केचाळीस कागद पाठवले. दारांची उंची, पायऱ्यांची संख्या, कुठल्या भिंतीचा रंग कुठे उडालाय. लोक विचारायचे, "काय ताई, रस्ता रुंद होतोय का?" मला वाटायचं, होतंय काहीतरी. आणि तुझं उत्तर यायचं एका ओळीचं, 'नकाशे मिळाले, आभार.'

नकाशे! शाळेत शुक्रवारी शेवटच्या तासाला चित्रकलेच्या सिस्टर यायच्या. त्या बाईने आयुष्यात कुणाचं कौतुक केलं नसेल, पण माझी वही हातात घेऊन म्हणाल्या होत्या, "या मुलीची रेष खोटं बोलत नाही." मग बाबा गेले, मी सतराव्या वर्षी ऑफिसात लागले आणि ती रेष गटारं काढू लागली. तक्रार नाही. चांगली गटारं काढली.

सगळं लिहिलं, पण ज्यासाठी लिहायला बसले ते राहिलंच. फोन केला असता, पण फोनवर तू हसून वेळ मारून नेतोस आणि मग मीही हसते.

मुखपृष्ठावरचं चित्र. बेकरी आणि शिंप्याचं दुकान यांच्यामधला बोळ, वर जाणाऱ्या अकरा पायऱ्या, त्यांवर बसलेली एक बाई, टोकाला हिरवं दार. खाली नाव, 'आई वाट पाहायची तिथे'. आणि आत मुलाखतीत तू सांगितलंस की याच पायऱ्यांवर आई रोज संध्याकाळी तुझ्यासाठी थांबायची.

काल शिंपी कॅटलॉग घेऊन घरी आला. तू शाळेत होतास तेव्हा तुझ्या चड्ड्या शिवायचा त्याचा बाप, आता हा शिवतो. चष्मा कपाळावर चढवून म्हणतो, "ताई, आमच्या भिंतीला जिना कधी फुटला?" त्याच्यामागून बेकरीवाला. तो म्हणाला, "फुटला असेल तर माझ्या भट्टीतून जातो तो. रोज मी आईसाहेबांना भाजत होतो की काय?" दोघं खो खो हसले. मी दारात उभी राहून सांगितलं, "कलावंत आहे तो. कलावंताला मुभा असते. तुम्ही बटणं आणि बिस्किटं बघा." गेले. पण हसत गेले.

तेवढ्यावर मी गप्प बसले असते. पण आज टाउन हॉलचा रखवालदार भेटला. म्हणाला, शनिवारी अठ्ठावीसला इथे तुझ्या प्रदर्शनाचं उद्घाटन, आणि रविवारी सकाळी नऊला तू पाहुण्यांना घेऊन गावात फिरणार आहेस. जिथलं चित्र, तिथे उभं राहून त्याची गोष्ट सांगणार. शहरातून साठ माणसं येणार आहेत. पहिला थांबा 'आई वाट पाहायची तिथे'.

तिथे भिंत आहे, बारक्या. बेकरीची आणि शिंप्याची एकच सामाईक भिंत. मधे बोट शिरणार नाही. कधीच शिरलं नव्हतं.

तो बोळ मी काढला.

आमच्या खात्यात एक रीत होती. आम्ही गावाचा नकाशा काढायचो आणि बाहेरचे छापखाने तो चोरून छापायचे. म्हणून साहेब प्रत्येक नव्या नकाशात एक नसलेली गल्ली घालायला लावायचे. कुणाला कळणार नाही अशी, लहानशी. दुसऱ्याच्या नकाशात ती गल्ली दिसली की चोर सापडला. माझ्या अशा सहा गल्ल्या आहेत, आणि दोन छापखाने मी पकडून दिलेत.

गेल्या वर्षी तुझ्या शहरातल्या प्रदर्शनाचं पत्रक आलं. त्यातही 'केवळ स्मृतीतून' होतं. त्याच दुपारी मी पुढचा कागद काढला, आणि त्यात बोळ घातला. अकरा पायऱ्या, हिरवं दार, दारावर कडी. इतका नीट की आता मलाच तिथून जावंसं वाटतं.

आता थांबते. बाकी उद्या.

शुक्रवार, सकाळ

काल लिहिलेलं वाचलं. त्यावरून मी तुला पकडायला निघाले होते असं दिसतं. ऐक, तसं नव्हतं. निदान सगळं तसं नव्हतं.

मला वाटलं होतं, तू तो कागद बघशील आणि पोट धरून हसशील. लिहिशील, 'ताई, म्हातारपणी चळलीस का? इथे बोळ कुठला?' मग मी लिहीन, 'बघ, आठवतंय की तुला!' आणि मग तुझं ते 'केवळ स्मृतीतून' मी सुखाने सोडून दिलं असतं. महिनाभर टपालवाल्याची वाट बघितली. तुझी एक ओळ आली, 'नकाशा मिळाला, हा विशेष आवडला.' तेव्हाच लिहायला हवं होतं. नाही लिहिलं. वर्षभर नाही लिहिलं. शाळेत ख्रिस्ती मैत्रिणी पाप सांगायला कन्फेशनच्या रांगेत उभ्या राहायच्या तेव्हा मला हेवा वाटायचा. आत जायचं, सांगायचं, हलकं होऊन डबा खायला यायचं. मला ते सांगायला एक वर्ष आणि एक कॅटलॉग लागला.

आणि आता आईबद्दल. आई रोज आठपर्यंत टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला यंत्र लावून बसलेली असायची. संध्याकाळी ती कुठेही वाट बघत उभी राहिली नाही, बिचारीला राहता आलं नाही. साडेपाचला ऑफिस सुटलं की मी धावत बेकरीपाशी यायचे. तू शाळेतून तिथे यायचास, दप्तर माझ्या अंगावर टाकायचास आणि पुढे पळायचास. सात वर्षं. बसायला पायऱ्या नव्हत्या तिथे. मी उभी असायचे.

तू मला विसरलास आणि माझ्या जागी आईला आठवलंस, इतकंच असतं तर गिळलं असतं. पण मी बनवलेल्या पायऱ्यांवर तू तिला बसवलंस. माझ्या रेषेवर. आणि त्याहून वाईट सांगू? चित्र चांगलं आहे. ती बाई ज्या तऱ्हेने पदर आवळून बसलीय, त्या तऱ्हेने आई खरंच बसायची, एक्स्चेंजमधून आल्यावर, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर. ते मी तुला कळवलं नव्हतं. ते तुझं तुला आठवलं. म्हणून मला धड रागावताही येत नाही, आणि त्याचाच राग येतो.

आता तुझ्या हातात पंधरा दिवस आहेत. त्या चित्रापाशी फेरी नेऊ नकोस असं तू आयोजकांना कळवू शकतोस. तसं केलंस तर कुणाला काही कळणार नाही, मी तर सांगणार नाहीच. नाहीतर भिंतीसमोर उभा राहा आणि साठ माणसांना खरं सांग, की हा बोळ माझ्या बहिणीने काढला, बाकीचे चाळीस कागदही तिनेच काढले, आणि मी त्यांत रंग भरला आणि आई भरली. हसतील थोडे. शिंपी जास्त हसेल. पण चित्र पडणार नाही, ते भिंतीहून भक्कम आहे.

मला काय हवंय हे तुला कळावं म्हणून स्पष्ट लिहिते, कारण त्रेसष्ट वर्षांत कुणी विचारलं नाही. मला दुसरं हवंय, भिंतीसमोरचं. मलाही दिवसभर काढायचंय, सकाळी आठपासून दिवेलागणीपर्यंत, आणि ते मी चार वर्षं करतेय, आणि त्याला मदत म्हणतात की नकाशा म्हणतात हे मला आता चालत नाही. यापुढे कागद पाठवणार नाही. पुढचा कागद माझा.

रविवारी नऊला मी तिथे असेन. तू त्या भिंतीसमोर उभा राहून 'पूर्वी इथे बोळ होता, आता बुजवला' असं सांगितलंस, तर शिंप्याच्या आणि बेकरीवाल्याच्या तोंडावर मी 'हो, होता' म्हणेन. तुला साठ माणसांत खोटा पडू देणार नाही मी, ते मला जमणार नाही हे मला माहीत आहे, आणि तुलाही माहीत आहे. तेवढं माहीत असून काय बोलायचं ते तू ठरव.

तुझ्यावर अतिशय चिडलेली,
ताई