त्रिशलाचं कार्ड

२ डिसेंबर
फलटणहून कडेगावात आलो. पतसंस्थेतले कॉम्प्युटर सांभाळायची नोकरी! मॅनेजर नाथाजी अण्णांनी गोठ्यातली जनावरं दाखवावीत तशी सगळी यंत्रं दाखवली. सगळी म्हातारी झालीत, पण संस्थेचा हिशेब जुन्याच विंडोजवर चालतो, म्हणून बिचाऱ्यांना पेन्शन नाही. ती एकमेकांना जोडायची आहेत. नवी नेटवर्क कार्डं जुन्या मदरबोर्डच्या खाचेत बसत नाहीत, आणि जी बसतात त्यांना चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हर, मिळत नाही. मजा येणार.

५ डिसेंबर
खोलीवर बोलायला कुणी नाही. संस्थेतही कामापुरतंच. आज अडगळीतल्या बंद कॉम्प्युटरचं कार्ड काढून माझ्या कॉम्प्युटरला लावलं, तर लगेच हिरवा दिवा! केबल अजून कुठेच जोडली नव्हती, तरी पडद्यावर दुसऱ्या कॉम्प्युटरचं नाव आलं. त्रिशला.
झाडलोट करणाऱ्या रंगूबाईंना विचारलं. ती माझ्याआधी याच खुर्चीत बसायची म्हणे, आणि अडगळीतला तो कॉम्प्युटर तिचाच. "लय गुणाची पोर. एकलीच ऱ्हायाची. कामावर दिसंना झाली, तर कुनी इचारलंबी न्हाई. खोलीत मेलेली गावली."

८ डिसेंबर
दुपारी पडद्यावर ओळ उमटली. जेवलास का?
भ्यायला हवं होतं. पण घर सोडल्यापासून मला हे कुणी विचारलंच नव्हतं. डोळे भरून आले. हो, असं टाइप केलं. मग खूप बोललो.

११ डिसेंबर
नाथाजी अण्णांनी आज पुन्हा माझं नाव विचारलं. जयराज, म्हटलं. चहा सगळ्यांना आला, मला नाही. त्रिशलाशी जितकं बोलतो तितका इथल्यांच्या ध्यानातून उतरत चाललोय. कार्ड काढायला हवं, कळतंय मला.

१३ डिसेंबर
नाही काढलं. ती एकटी पडेल. मीही.

१५ डिसेंबर
अण्णा रंगूबाईंना सांगत होते, नवा पोरगा न सांगताच गेला. मी समोर उभा. ओरडलो. रंगूबाईंचा झाडू माझ्या पायांतून आरपार — कार्ड उपटायला गेलो तर हातात काही येईना —

तारीख कुणास ठाऊक
माझ्या खुर्चीत नवा माणूस. नेमिनाथ. त्याला पडद्यावर दोन नावं दिसतायत, त्रिशला आणि जयराज. मी लिहिलेलं त्याला दिसेल. एवढंच लिहायचंय, कार्ड काढून फेक आणि पळ —
तो वाकला. माझं नाव मोठ्यानं वाचलं. हसला. किती दिवसांनी कुणीतरी —
ते पळायचं आज नको सांगायला. आज नुसतं थोडं बोलतो त्याच्याशी.